बर्च लाइनवरचं कुलूप

सोमवार, ८ जानेवारी १९९६

वाफेवर राबणाऱ्या भावांनो, बॉयलर सांभाळणाऱ्यांनो, पाईप जोडणाऱ्यांनो, आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. खोली उबदार असली की आपण कुणाला दिसत नाही, आणि खोली गार पडली की शिव्या घालायला साऱ्या जगाला आपलं नाव आठवतं. मार्चमध्ये युनियनच्या सभेत मला यावर बोलायचं आहे, म्हणून ही वही घेतली. कागद गिरणीत एकोणीस वर्षं मी नुसता तोंडाने बोललो. गिरणी बंद झाली त्या दिवशी मालकांकडे प्रत्येक गोष्ट लिहिलेली होती आणि आमच्याकडे फक्त बसलेले घसे होते. या वेळी मीही लिहून ठेवणार.

आज मात्र तक्रारीचा दिवस नाही. आज सकाळी सात वाजता मी, अँटन ब्रुलिच, वय त्रेपन्न, साल्मी फॉल्सच्या कॉलेजच्या ऊर्जागृहात रुजू झालो आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा हातांना तेलाचा वास लागला. टेकडीच्या पायथ्याशी विटांची इमारत, खिडक्यांच्या कडेपर्यंत बर्फ, आणि दार उघडताच तोंडावर ती ओळखीची ऊब.

पाळीचा जोडीदार आर्व्हो केस्किनेन, वय एकसष्ट. मी कोट काढायच्या आत त्याने हातात कॉफी दिली आणि वेलदोड्याच्या पावाचा जाड तुकडा. मग म्हणाला, गिरणीतला तो भाषणवाला तूच ना, बरं झालं आलास, इथे टर्बाइनचा आवाज इतका आहे की तू दिवसभर बोललास तरी कुणाचं नुकसान नाही. दहा वाजल्यापासून तो मला पाद्री म्हणतो आहे.

दुपारी लेना येऊन गेली. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच. ती इथेच भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, टेकडीच्या माथ्यावर बर्च हॉलमध्ये राहते. कामगाराच्या मुलाला इथे फी नाही, पण कामगाराने आधी नव्वद दिवस टिकायला हवं. लेनाने मला बजावलं आहे की डॅड, नव्वद दिवस तोंडाला कुलूप, नंतर हवी तेवढी क्रांती कर. मी कबूल केलं.

बुधवार, १० जानेवारी

आर्व्होने आज जेवणाच्या सुट्टीत पेस्टीच्या तेलकट कागदावर मला सगळं यंत्र काढून दाखवलं. पेस्टी तो सकाळीच बॉयलरच्या पिंपावर ठेवतो. बारा वाजता आतलं मांस आणि बटाटा हाताला भाजेल इतका गरम असतो.

यंत्र असं आहे. गॅस जळतो, त्यावर टर्बाइन फिरतं आणि कॉलेजला वीज मिळते. इतर वीजकेंद्रांत गोष्ट इथेच संपते. जळालेला तप्त वायू धुराड्यातून वर जातो, म्हणजे तीन ओंडके जाळायचे, एकावर काम करायचं आणि दोनांवर आकाश शेकायचं. इथे तो वायू आधी बॉयलरमधून फिरवतात. बॉयलरला स्वतःची आग नाही, दुसऱ्याच्या उष्ट्या आगीवर तो पाण्याची वाफ करतो. ती ताकदीची वाफ आणखी एक छोटं टर्बाइन फिरवून थोडी वीज देते, आणि थकलेली वाफ बोगद्यातल्या पाईपांतून चौदा इमारतींत जाते. खोल्या तापवणारे रेडिएटर, मुदपाकखाना, प्रयोगशाळा, सगळीकडे ऊब सोडून तिचं पाणी होतं. ते पाणी परत आपल्याकडे येतं आणि पुन्हा त्याची वाफ. शंभर भागांतली ऐंशी भाग आग कामी येते.

मी आयुष्यभर ज्या व्यवस्थेविरुद्ध बोललो ती माणसाचा एक हिस्सा वापरते आणि दोन हिस्से धुराड्यातून सोडून देते. माझी एकोणीस वर्षं तशीच गेली. म्हणून हे यंत्र पाहून मला खरंच भरून आलं. काहीही न फेकणारी अशी एक तरी गोष्ट माणसाने बांधली आहे. मी हे मोठ्याने म्हणालो तर आर्व्हो म्हणाला, आमेन, आता तेवढा तो पंप बघ.

भिंतीवर फळा आहे. त्यावर आमचा मॅनेजर डग ट्रेव्हॅरो रोज सकाळी खडूने लिहितो की पाठवलेल्या वाफेतलं किती टक्के पाणी परत आलं. आज अठ्ठ्याऐंशी. उरलेलं गळतीत जातं. मार्चमध्ये विश्वस्त येतील तेव्हा डगला तिथे पंचाण्णव लिहायचं आहे.

सोमवार, १५ जानेवारी

आज बोगदा पाहिला. तळघरातून निघून तो टेकडीत फांद्यांसारखा फुटत जातो. एका अंगाला वाफेचा जाड पाईप, त्याखाली परतीच्या पाण्याचा बारीक.

आत जायची रीत तुम्हाला माहीत आहे, पण सभेत कारकूनही बसतील, म्हणून लिहितो. आत जाणारा आधी त्या फाट्याचा व्हॉल्व्ह बंद करतो, चाकाला साखळी घालतो, स्वतःचं कुलूप लावतो. कुलपावर स्वतःच्या नावाचा पितळी बिल्ला, किल्ली स्वतःच्या खिशात. ते कुलूप दुसरा कुणीही काढत नाही, फोरमन नाही, मालक नाही, गव्हर्नर आला तरी नाही. एवढ्या एका रीतीने आपल्यातले किती जण जिवंत घरी गेले याची मोजदाद नाही.

आणखी एक जुनी रीत इथेही आहे. आतला माणूस कामाच्या जागी पोचला की पाईपवर पान्याने तीन ठोके देतो. म्हणजे, मी आत आहे, वाफ बंद आहे ना. बाहेरचा जोडीदार दोन ठोके देतो. म्हणजे, बंद आहे, मी उभा आहे. आणि ज्याने दोन ठोके दिले त्याने आतला बाहेर येईपर्यंत जागा सोडायची नाही.

बर्च हॉलकडे जाणाऱ्या फाट्यावर एक जुनं कुलूप लटकलेलं आहे. गंजाने काळं झालंय, पण बिल्ला कुणीतरी पुसत असावं. ई. हार्यू. मी विचारलं तेव्हा आर्व्होने बाहीने बिल्ला पुसला. मग म्हणाला, एमिल हार्यू, फेब्रुवारी एकाहत्तर. गळती बुजवायला आत गेला. तीन ठोके आले. उभा मी होतो, मी दोन दिले. तो बाहेर आला नाही. बोगदा दोन्ही टोकांनी शोधला, टोपी मिळाली, पाना मिळाला, माणूस नाही. गावातले म्हणतात बाई घेऊन डेट्रॉइटला पळाला. म्हणू देत.

कुलूप काढायला मालक आला नाही, म्हणून पंचवीस वर्षं ते तसंच आहे. बर्चला वाफ जाते ती तळ्याकडच्या लांबच्या पाईपने वळसा घालून. मी आर्व्होला म्हणालो की कामगाराच्या शब्दाचा याहून मोठा पुतळा मी पाहिलेला नाही. तो म्हणाला, पुतळा कसला, कुलूप आहे ते.

सोमवार, २२ जानेवारी

थंडी कडक झाली. तळ्याकडचा लांबचा पाईप दोन ठिकाणी फुटला आणि बर्च हॉलच्या खोल्यांत पाण्याच्या ग्लासावर साय धरावी तसं बर्फ धरतंय. लेना कोट घालून झोपते. खोकला आहे, अंगात तापही. घरी चल म्हणालो तर म्हणते परीक्षा आहे, आणि तुझ्या घरी तरी कुठे ऊब आहे डॅड, तू लाकडं वाचवत बसतोस.

डग सकाळी तळघरात आला. माणूस वाईट नाही, बायकोने विणलेली टोपी घालतो. म्हणाला, बोगदा मी स्वतः या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, आत उंदीरही नाही, पाईप चांगला आहे, अडलंय ते एका गंजक्या कुलपावर. आर्व्होने हात पुसले आणि सांगितलं की त्या कुलपाला तो हात लावणार नाही. मग डग माझ्याकडे वळला. लेना बर्चमध्येच राहते ना, असं विचारलं. तिची तब्येत विचारली. आणि सहज विचारावं तसं विचारलं की तुझे किती दिवस झाले, पंधरा ना.

बुधवार, २४ जानेवारी

मी कापलं.

गोल गोल बोलणार नाही. ज्या माणसाने गिरणीच्या फाटकावर उभं राहून सांगितलं होतं की दुसऱ्याचं कुलूप कापणारा हात हा खुनी हात आहे, त्याच माणसाने लोखंड कापायची मोठी कैची घेतली. मी स्वतःला समजावलं की रीत जिवंतांसाठी असते. एमिल हार्यू असला तर सत्तर वर्षांचा होऊन डेट्रॉइटमध्ये असेल. आणि माझी मुलगी इथे खोकते आहे. ही कारणं खोटी नाहीत. पण काल रात्री मला तीनदा स्वतःला ती सांगावी लागली, आणि खऱ्या गोष्टी इतक्यांदा सांगाव्या लागत नाहीत.

आर्व्हो पायरीवर बसून बघत होता. नंतर म्हणाला, डगने कापलं असतं तर ती चोरी झाली असती. आपल्यातल्याने कापलं म्हणजे आपण परवानगी दिली, पाद्री.

गार पाईपमध्ये एकदम वाफ सोडली तर साचलेलं पाणी गोळ्यासारखं धावून पाईप फोडतं, म्हणून चार तास हळूहळू तापवत नेलं. आधी लाल गंजाचं पाणी आलं, मग स्वच्छ. तीन वाजता लेनाचा फोन आला. खोली गरम आहे, डॅड, तुझ्या हातात जादू आहे.

शुक्रवार, २६ जानेवारी

फळ्यावर चौऱ्याण्णव. डगने सगळ्यांसाठी डोनट आणले. जवळचा रस्ता, कमी गळती, त्यामुळे आकडा वाढणारच. लेनाचा ताप उतरला. आज मी पोटभर जेवलो.

आर्व्होने डोनट घेतला नाही. बिल्ला त्याने उचलून खिशात ठेवला आहे.

सोमवार, २९ जानेवारी

फळ्यावर शंभर.

भावांनो, शंभर येत नसतं. मुदपाकखान्यातली वाफ हवेत जाते, सांधे पाझरतात, काहीतरी वाटेत राहतंच. मीटर बिघडला असेल म्हणून मी बर्च लाइनचं पाणी बादलीने मोजलं, घड्याळ लावून, चार वेळा. मीटर बरोबर आहे. बर्चला जितकी वाफ जाते त्याहून जास्त पाणी बर्चहून येतंय.

आणखी एक. परतीचं पाणी हाताला पोळायला हवं, एकशे सत्तर अंश फॅरनहाइटच्या आसपास. इतर तेरा इमारतींचं तसं आहे. बर्चचं कोमट आहे. थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. अर्ध्या तासाने पुन्हा लावला. तेवढंच.

आर्व्होने आकडा बघितला आणि थर्मामीटर माझ्या हातून काढून घेतला. म्हणाला, हा आकडा कुठे बघतात माहितीये ना तुला. तोंडात धरून.

मंगळवार, ३० जानेवारी

अकरा चाळीसला बर्च लाइनमधून तीन ठोके आले.

पाईप ठोकतात, मान्य. पाणी अडकलं की ठोकतात, तापले की ठोकतात. पण पाणी मोजून ठोकत नाही. तीन. थांबून पुन्हा तीन. जो आत असतो तो उत्तर येईपर्यंत असंच करतो.

आर्व्हो पान्याकडे गेला नाही. मीही नाही. वाफ चालू असताना कुठल्या तोंडाने सांगायचं की बंद आहे.

पाच मिनिटांनी ठोके थांबले. समाधान झाल्यासारखे थांबले. त्या क्षणी आर्व्हो खुर्चीत बसला आणि तिथेच, भर दुपारी, झोपला. अडीच वाजता उठून लाजला. म्हणाला, किती वर्षांनी अशी झोप लागली. खांद्यावरून काहीतरी उतरलं, असं म्हणाला.

गुरुवार, १ फेब्रुवारी

लेनाबरोबर जेवलो, कॉलेजच्या खानावळीत.

बर्चच्या मुलींचं टेबल वेगळं कळतं. सगळ्या पाणी पितायत. गप्पा नाहीत, जेवण नाही, पाण्याचा एक जग संपला की दुसरा. ओठ फुटलेले. लेनाचेही. हातांची कातडी जुन्या पाकिटासारखी. मी डॉक्टरकडे चल म्हणालो तर म्हणाली, डॅड, रेडिएटरची कोरडी हवा आहे ती, सगळ्यांनाच होतंय.

मग हसून सांगितलं. तिच्या रेडिएटरवर दुपारी कुणीतरी तीन ठोके देतं. तिला वाटलं मीच खालून गंमत करतोय. लहानपणी आमच्या घराच्या तळघरात मी भट्टी साफ करायचो आणि ती वर पाईपशी बसायची, तेव्हा मीच तिला ही रीत शिकवली होती. तर मंगळवारी तिने चमच्याने दोन ठोके दिले.

मी विचारलं की मग. ती म्हणाली, मग काय, थांबला. बिचाऱ्याला कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

मी ताटातलं तसंच ठेवून उठलो.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

फळ्यावर एकशे तीन. डगने त्याभोवती चौकट काढली आहे. मी त्याच्यासमोर उभा राहून विचारलं की वरचे तीन टक्के कुणाचे आहेत. तो म्हणाला, अँटन, आकडा कमी आला की कुठे गेलं विचारतात, जास्त आला तर कोण विचारतं. बर्चच्या मुलींबद्दल सांगितलं. तिथे पाण्याचे आणखी जग ठेवायला सांगतो म्हणाला.

सगळी लबाडी या एका वाक्यात आहे. मार्चमध्ये हे मी

नाही. मार्च लांब आहे.

दुपारी विचारायच्या भानगडीत न पडता बर्चचा व्हॉल्व्ह बंद केला. माझ्या हातांनी, गच्च. वाफ थांबली. परतीचं पाणी थांबलं नाही. एक तास, दोन तास. आत काही जात नाही आणि बाहेर येतंय. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.

ठोके आले तेव्हा मीच दोन दिले. बंद आहे, मी उभा आहे. पुन्हा तीन आले. पुन्हा दिले. पुन्हा तीन. आर्व्हो म्हणाला, तुझं तो ऐकणार नाही. तू कापणारा. मग आर्व्होने दिले. त्याचंही नाही. तो पान्याकडे बघत राहिला. म्हणाला, पंचवीस वर्षं मी उभा होतो, पाद्री. गावाच्या पुलापलीकडे गेलो नाही, हरणांच्या शिकारीला गेलो नाही, निवृत्त झालो नाही, आणि का ते मला कळत नव्हतं. मंगळवारी मला कुणीतरी मोकळं केलं.

कुणी केलं ते त्याला मी सांगितलं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

लेनाला उचलून आणायला गेलो. आर्व्हो बरोबर.

खोलीची खिडकी उघडी, बाहेर उणे तीस, आत घाम फुटेल अशी ऊब. व्हॉल्व्ह बंद असून. तिची खोलीसोबतीण घरी निघून गेलीय. लेना रेडिएटरशी बसलेली, हात त्यावर. भाजत नाही म्हणते.

जिन्यापर्यंत आली. दारापाशी पाय टाकला आणि चेहरा राखेसारखा झाला. श्वास घेता येईना. मी तिला बर्फात दहा पावलं नेली. तिचं वजन नव्हतं, भावांनो. वाळलेल्या फांदीचं असतं तेवढं. परत आत आणली तेव्हा डोळे उघडले.

म्हणाली, डॅड, मला जाता येत नाही. उभं राहायची माझी पाळी आहे. तो बाहेर आला नाही अजून.

इतर मुलींना आर्व्होने आपापल्या घरी पाठवलं. त्या जाऊ शकल्या. फक्त तिला

रविवार, ४ फेब्रुवारी

ती प्यायली ते पाणी मोजलं. नऊ जग. बर्च लाइनवर बादली लावली. नऊ जग आणि थोडं जास्त.

ते थोडं जास्त ती आहे.

यंत्र काही फेकत नाही. मी त्याचं कौतुक केलं होतं.

आर्व्होचं म्हणणं सरळ आहे. आतला बाहेर आला तर उभा असलेला मोकळा होतो. म्हणजे कुणीतरी आत जाऊन त्याला बाहेर काढायचं. रीतसर. व्हॉल्व्ह बंद, कुलूप, बिल्ला, किल्ली खिशात. तो जायला तयार होता. मी म्हणालो, कापलं कुणी.

त्याने वाद घातला नाही. घरची सौना, ती वाफेची कोठी, तापवली. दोघं आत बसलो.

सोमवार, ५ फेब्रुवारी

सकाळी ८.१०. व्हॉल्व्हवर माझं कुलूप. माझा बिल्ला. किल्ली खिशात. आर्व्होने साखळी दोनदा ओढून बघितली. म्हणाला, जेवायला ये, पेस्टी ठेवतो. बॅटरी, पाना, ही वही घेतली. जाताना त्याने मला पाद्री म्हटलं नाही. अँटन म्हटलं.

८.३५. तीनशे दहा पावलं. गळतीची जुनी जागा हीच. तीन ठोके दिले. आर्व्होचे दोन आले. स्वच्छ. एकट्या माणसाला ते दोन ठोके किती मोठे असतात हे बाहेर बसून कळत नाही.

८.५०. इथे ओलं आहे. कोमट. भिंतीला हात लावला तर

माझ्या शेजारी ठोके पडले. पाईपवर. हात दिसला नाही. मी मोठ्याने सांगितलं, एमिल हार्यू, कुलूप माझं आहे, वाफ बंद आहे, तुझं काम संपलं, वर जा. सभेत बोलतो तसं बोललो.

८.५५. कुणीतरी अंग चोरून माझ्या बाजूने गेलं. भिजलेल्या लोकरीचा वास. बॅटरी फिरवली. रिकामं.

९.००. परतीच्या पाईपला कान लावला. पाणी थांबलं आहे. एक थेंब नाही.

लेना मोकळी झाली. लेना मोकळी झाली.

९.४०. परत निघालो. तीनशे दहा मोजली. दार नाही. पाचशे. पाईपचे टेकू संपत नाहीत.

११.००. अकराशे पावलं. त्याच ओल्या जागी आलो. टोपी पडली आहे. माझी.

११.२०. वर एक जाळी आहे, हात पोचतो. उजेड दिसतो, बर्फावरचा. ओरडलो. वारा.

ठीक. बसतो. कुलूप आहे तोवर मी नुसता आत आहे, बाकी काही नाही. एमिल तसाच होता पंचवीस वर्षं. त्याने कुणाचं काही घेतलं नाही. आम्ही कापेपर्यंत.

११.३०. पाईपमधून आवाज येतात. डग. म्हणतो बर्च पुन्हा गार पडलाय, एक मुलगी अजून आत आहे, तिला हलवलं तर बेशुद्ध पडते, डॉक्टर म्हणाले आधी ऊब द्या, हलवायचं नंतर. लेना. तिच्या भल्यासाठी बोलतोय. आर्व्हो ओरडतोय, आत माणूस आहे. डग म्हणतो, मी आत्ताच चालून आलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आत कुणी नाही.

तो इथून गेला. माझ्या इतक्या जवळून. मी त्याला

आणखी माणसं आहेत. आर्व्होला धरलंय. तो सोडा म्हणतो, पुन्हा पुन्हा

कैची.

साखळी पडली

११.४५. पाईप कोमट. हळूहळू तापवतायत. रीतसर.

माझा हात

आत्ता पान्याने तीन ठोके पडले. मी दिले नाहीत. हात माझा होता.

पुन्हा.

खालून कुणी उत्तर देत नाही. आर्व्होला नेलं वाटतं. थांबवता येत नाही, उत्तर मिळेपर्यंत हात थांबत नाही, आणि वर रेडिएटरशी ती बसली आहे, आणि माझा ठोका ती ओळखते, लहानपणापासून

पानं ओली होतायत. वही जाळीतून वर ढकलतो. भावांनो, ज्याच्या हाती लागेल त्याने माझ्यासाठी खाली उतरू नये. वाचत बसू नये. एकच करा. टेकडीवर जा, बर्च हॉल, दुसरा मजला, डावीकडची शेवटची खोली. आता ती मोकळी आहे, बाहेर येऊ शकते, तिने उत्तर द्यायच्या आत तिला उचलून बाहेर काढा, तिच्या हातातला चमचा आधी काढून घ्या, ती म्हणेल माझे डॅड आहेत, म्हणू द्या, ऐकू नका, आत्ता, हे वाक्य संपायच्या आत नि—